जुन्या धुरांड्यात स्टीलचा पाइप

बुरोंडीसारख्या (ता. दापोली) समुद्राकाठच्या गावात चुलीच्या धुरांड्याचा साधा पत्रा खाऱ्या हवेने लवकर सडतो. चिऱ्याचं जुनं धुरांडं शाबूत असेल तर पाडू नका. आतून स्टेनलेस स्टीलचा पाइप सोडा. मात्र स्टील पारखून घ्या. भांड्यांसाठी वापरतात ते ३०४ प्रतीचं स्टील इथे तांबूस ठिपके धरतं, मग बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठापुढे अधिक टिकतं. महाग आहे, तरी घ्यावं तेच. आधी काजळी खरवडा. जोड देताना वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवा, म्हणजे ओल्या लाकडाचा डांबरट ओघळ बाहेर झिरपत नाही. वर पावसाची टोपी हवीच.