रक्तवाहिन्याच गळायला लागल्या तर? एक्मो मशीन काय करू शकतं आणि काय नाही

एक्मो हा शब्द आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदा बातम्यांमध्येच ऐकला. डिसेंबर 2016 मध्ये जयललिता आणि 2020 मध्ये गायक एस. पी. बालसुब्रमण्यम यांना एक्मोवर ठेवलं होतं. दोघंही वाचले नाहीत. त्यामुळे ‘एक्मो लावलं म्हणजे संपलं’ असा समज पसरला. खरं तर हे मशीन कोणताच आजार बरा करत नाही. शरीराला सावरायला काही दिवस मिळवून देतं, इतकंच.

हे ‘काही दिवस’ एका दुर्मिळ आजारात फार मोलाचे ठरतात. सिस्टेमिक कॅपिलरी लीक सिंड्रोम, म्हणजेच क्लार्कसन्स डिसीज. डॉ. बेयर्ड क्लार्कसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 मध्ये त्याची पहिली नोंद केली.

यात होतं काय? सुरुवात साध्या फ्लूसारखी. अंगदुखी, थकवा, मळमळ. मग केसांहून बारीक रक्तवाहिन्या अचानक गळू लागतात. रक्तातलं पाणी आणि अल्ब्युमिन हे प्रथिन बाहेर पडून स्नायूंमध्ये साचतं. पेशंट सुजलेला दिसतो, पण रक्तवाहिन्या आतून रिकाम्या होत जातात आणि बीपी कोसळतं. रक्त घट्ट झाल्यामुळे रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन वाढलेलं आणि अल्ब्युमिन घटलेलं दिसतं. गंभीर डेंग्यूतही प्लाझ्मा असाच गळतो, त्यामुळे डॉक्टरांना हे चित्र अनोळखी नाही. फरक असा की क्लार्कसनचे झटके पुन्हा पुन्हा येऊ शकतात.

बीपी पडलं की सलाईन, हे आपलं ठरलेलं उत्तर. इथे तेच अडचणीचं. जितकं सलाईन द्याल, त्यातलं बरंचसं बाहेर गळणार. हातापायांच्या स्नायूंवर इतका दाब येतो की कधी कधी तो कमी करायला चिरा द्याव्या लागतात.

औषधांनीही बीपी टिकत नसेल, हृदयाच्याच स्नायूला सूज आली असेल, तर काही पेशंटना व्हीए-एक्मो लावलं गेलंय. मोठ्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा आणि पंपाने धमनीत परत ढकलायचं. हृदय आणि फुप्फुस दोघांचं काम मशीन करतं.

पण पंपाला ओढायला रक्त तर हवं! शीर रिकामी असेल तर ती नळीभोवती चिकटते, नळ्या थरथरतात आणि प्रवाह घटतो. म्हणजे पुन्हा फ्लुइड द्या, पुन्हा गळती. शिवाय रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो आणि नळी घातलेल्या पायाचा रक्तपुरवठाही अडू शकतो. त्यामुळे एक्मो हा इथे अगदी शेवटचा पर्याय.

तरी तो वापरावासा वाटतो, कारण ही गळती सहसा काही दिवसांत आपोआप थांबते. तिथवर मेंदू-किडनीला रक्त मिळत राहिलं तर पेशंट वाचू शकतो. मात्र गळती थांबली की बाहेर साचलेलं पाणी झपाट्याने रक्तात परततं आणि फुप्फुसात भरू शकतं. नातेवाईक ‘आता बीपी सुधारलं’ म्हणून निश्वास टाकतात, नेमकं तेव्हाच डॉक्टरांची धावपळ चालू असते. सलाईन थांबवून लघवी वाढवणारी औषधं द्यावी लागतात.

पुढचे झटके टाळायला सहसा दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं जातं. ते महाग आहे, पण त्याने झटके बरेच कमी होतात.