पुतळ्यातला वीर, तंबूतला वैदू

पिंपरी-चिंचवडमध्ये थेरगावच्या डांगे चौकाकडून वाकडला जाताना रस्त्याच्या कडेला कधीमधी एखादा कापडी तंबू दिसतो. बाहेर बाटल्यांची ओळ, सुकलेल्या मुळ्या आणि ‘खानदानी जडीबुटी’ अशी पाटी. जाणारा-येणारा सहज म्हणून जातो, ‘आदिवासी औषधवाला’. आत बसलेला माणूस कोण, कुठला, हे विचारायला कोणी थांबत नाही.

तो बहुधा आदिवासी नसतोच. थेरगावपासून काही किलोमीटरवर पिंपळे गुरवला वैदूवस्ती आहे. वैदू समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. त्यांची घरातली बोली तेलुगूच्या वळणाची. मुळ्या विकायच्या, तुंबडी लावायची, बायकांनी सुया-पोत-मणी घेऊन दारोदार फिरायचं, हा त्यांचा जुना धंदा. प्राण्यांची चरबी आणि घोरपडीचं तेल त्यांच्या पोतडीत असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो व्यवहार गुन्हा ठरला. कातकरी, महादेव कोळी, ठाकर हे अनुसूचित जमातींतले. हा फरक नुसता कागदावरचा नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीबाहेरच्या दावेदाराला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गावोगाव फिरण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांनी तो कुठून आणायचा?

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून येऊन चाकणच्या कंपनीत लागलेला आदिवासी पोरगा यांतलं कोण काय करतं हे नीट सांगू शकतो. गावाकडे अंगातलं बघणारा भगत वेगळा, झाडपाला देणारा वेगळा, बाळंतपण करणारी सुईण वेगळी. कधी दोन कामं एकाच माणसाकडे असतात, एवढंच. शहर मात्र या सगळ्यांना मिळून बुवाबाजी म्हणतं, नाहीतर मिळून ‘प्राचीन ज्ञान’ म्हणतं. दोन्ही म्हणण्यांत चौकशी शून्य.

जादूटोणाविरोधी कायद्यानं झाडपाल्यावर बंदी आली, असं अनेकांना वाटतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेल्या या कायद्याच्या अनुसूचीत ठरावीक कृत्यं दिली आहेत. त्यातलं एक म्हणजे साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पाय मुरगळला म्हणून पाल्याचा लेप लावणारी आजी या कायद्यात कुठेच येत नाही. याचा अर्थ प्रत्येक मुळी गुणकारी असाही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर प्रतिविष हाच इलाज आहे. तिथे परंपरेचा मान राखत बसलं तर माणूस जातो. विंचवाचंही तसंच: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कसं वापरायचं ते दाखवून दिलं. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात. त्याला परंपरा म्हणून सूट देणारा माणूस बाळाचा मित्र नव्हे.

पण मग दवाखाना आणि पाडा यांचं जमायचंच नाही का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे तिथलं रुग्णालय लोकांशी बोलून गोंड गावाच्या वळणावर, झोपड्यांसारखं बांधलं आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. चटक्यांसाठी बदनाम झालेल्या मेळघाटातही प्रशासनानं कोरकू भूमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक उपचारकांना, मानधन देऊन रुग्ण दवाखान्यात पाठवायला लावण्याचा प्रयोग केला. भूमकाला हाकललं तर आई दवाखान्यात येत नाही, ती लपून भूमकाकडे जाते, हे तिथल्या डॉक्टरांना थेरगावात बसून मतं देणाऱ्या आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे हे ज्ञान मोकळं आहे, कुणाचंच नाही. केरळातल्या काणी आदिवासींनी संशोधकांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिथल्या सरकारी वनस्पती उद्यानानं त्यावरून ‘जीवनी’ नावाचं औषध तयार केलं आणि १९९०च्या दशकाच्या मध्यात ते कंपनीला दिलं: परवाना शुल्क दहा लाख रुपये, विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन आणि त्यातला निम्मा वाटा काणींचा. जगभर आजही याचा दाखला देतात. तो द्यावा लागतो, कारण असे दाखले थोडेच आहेत. आपल्याकडे शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेल विकायला घेतली आणि औषध कंपन्यांकडून दीड कोटीहून अधिक रुपयांची मागणी मिळवली. कौतुक आहेच. पण तो माल विकल्याचा पैसा. गुळवेल कशाला लागते हे ठाऊक असल्याचा नव्हे. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८मध्ये भारतीय कंपन्यांनीही जैवसंपत्तीच्या लाभातला वाटा द्यायला हवा, असा निकाल दिला. मग जैवविविधता कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनं ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना असा वाटा देण्यातून सूट मिळाली. आता मेख बघा. पाड्यावरचं तोंडी ज्ञान कोणत्या ग्रंथात आधीच शिरलंय आणि कोणत्या नाही, हे ठरवणार कोण?

ज्यांच्या ज्ञानाला नाव मिळत नाही, त्यांची आठवण तरी कशी ठेवली जाते? स्मारकांचा संबंध इथे येतो. ‘आदिवासींचे पुतळे हे अलीकडचं राजकारण’ असं म्हणणाऱ्यानं एकदा शिवनेरीवर जावं. तिथे कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर मोगलांनी बंडखोर महादेव कोळ्यांना तिथे मारलं, ही आठवण तो पिढ्यान्‌पिढ्या धरून आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. २५ सप्टेंबर १९३०च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांत नाग्या कातकरी आहेत. पुतळ्यांची मागणी उशिरा आली. स्मरण उशिरा आलेलं नाही.

या स्मरणात एक काटछाट मात्र झाली आहे. बिरसा मुंडांकडे १८९५च्या सुमारास लोक प्रथम आले ते आजार बरे करणारा म्हणून. धरती आबा, म्हणजे धरतीचा बाप, ही ओळख त्यातूनच घडत गेली. आपल्या चौकांतला बिरसा धनुष्यबाण घेऊन उभा असतो, हातात कधी एखादी मुळी दिसत नाही. झारखंडमध्ये त्याच्या पुतळ्यांच्या बेड्या काढायच्या की ठेवायच्या यावर वाद झाला. २०२०मध्ये पश्चिम बंगालमधल्या बांकुड्यात एका केंद्रीय मंत्र्यांनी बिरसा समजून एका अनाम आदिवासी शिकाऱ्याच्या मूर्तीला मान दिला, तेव्हा स्थानिकांनी ती मूर्ती बिरसाची नाही हे ठणकावलं. मला यात मंत्र्यांपेक्षा आपलीच सवय दिसते: धनुष्य दिसलं की नाव ठरलं. हातात शस्त्र असलेला मेलेला माणूस सगळ्यांना चालतो. वनहक्काचा दावा घेऊन आलेल्या जिवंत माणसाला कचेरीत खुर्चीही मिळत नाही.

कॅनडात सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५मध्ये ९४ शिफारशी केल्या. बाविसावी सांगते की मूलनिवासी रुग्णानं मागितल्यास त्यांच्या उपचारकांना सोबत घेऊन उपचार करा. एक्याऐंशीवी राजधानीत, मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचं ठळक स्मारक मागते. एकाच यादीत दोन्ही. तिथेही सगळं सुरळीत नाही. २०२०मध्ये मॉन्ट्रियलमध्ये, त्या शाळांशी नाव जोडलेल्या पहिल्या पंतप्रधानांचा पुतळा निदर्शकांनी पाडला. पण स्मारक दिलं म्हणजे उपचाराचा प्रश्न मिटला, असं आयोगानं धरलं नाही.

आपल्याकडेही कागद तयार आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट)मध्ये पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेलाही, लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. वैदूवस्तीतल्या म्हातारीला ठाऊक असलेल्या मुळ्या त्यात लिहायच्या असतील, तर आधी तिला सांगायला हवं की हे कोण वाचणार, काय उघड होणार आणि कशाला ती नाही म्हणू शकते. तिच्याशी हे बोलायला महापालिकेतला कोणता अधिकारी जातो, तेवढं नागरिकांनी विचारून घ्यावं.