हंगामाआधी गोधड्या शिवून-सांधून ठेवा

गळीत हंगाम जवळ आला की कारखान्यात यंत्रांची डागडुजी होते. तशीच एक डागडुजी सभासदांच्या घरोघरी व्हायला हवी, ती गोधडीची. अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठी पौषातला पहाटेचा गारठा काय असतो, हे रात्रीचे उसाला पाणी देणाऱ्यांना आम्ही काय सांगावे!

पूर्वी गोधडीसाठी कापड हुडकावे लागत नसे. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, सारे सुती. आता पेटी उघडली की पॉलिस्टर-नायलॉनच्या साड्याच वर येतात. त्यांची गोधडी दिसायला झकास. पण ती घाम टिपत नाही, आणि विस्तव लागला तर कापड वितळून कातडीला चिकटते. सुती कापडही पेटते, पण असे चिकटत नाही. ऊसतोडीच्या कोपीत चूल आणि लेकरांचे अंथरूण यांत अंतर ते किती? म्हणून भगिनींनो, गोधडी सुतीच करा, आणि ती चुलीपासून लांबच अंथरा.

आता कामाच्या चार गोष्टी :

१) फवारणीच्या वेळी अंगावर असलेले कपडे गोधडीत घालू नका. औषध कापडात मुरते, धुतले तरी सगळे निघेलच असे नाही. तोंडावर घेऊन झोपायची वस्तू ती.

२) एक जाडजूड गोधडी करण्यापेक्षा दोन पातळ करा. जाड गोधडी धुतली तर आतून ओली राहते, कुबट वास मारते. पातळ गोधडी एका उन्हात खडखडीत वाळते. थंडी वाढली तर दोन्ही घ्या.

३) थर जमिनीवर अंथरून हाताने सुरकुत्या काढा. आधी लांब कच्चे टाके घाला, मग कडेने धावदोरा घालत मध्याकडे या. आतल्या चिंध्या गोळा होत नाहीत. दोरा गुंतत असेल तर मेणबत्तीवरून ओढून घ्या.

४) फाटलेल्या जागी ठिगळ चांगले दोन बोटे मोठे घ्या, म्हणजे टाका धडक्या कापडावर पडेल. जुन्या कापडाला जुनेच ठिगळ बरे. नवे लावायचे तर आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि भोवतालचे जीर्ण कापड ओढून फाडते. एका भोकाची दोन भोके!

हे सारे दुपारच्या फावल्या वेळात, गप्पा मारता मारता होण्यासारखे आहे. फक्त ऊन कडक आहे तोवर धुणे-वाळवणे उरकून घ्या.

आणि जाता जाता एक विनंती. पेटीत एखादे सुती लुगडे किंवा चादर जास्तीची निघाली, तर धुऊन बाजूला ठेवा. उद्या तुमच्याच फडात टोळी उतरेल. तिच्यातल्या एखाद्या लेकराच्या अंगावर ती पडली, तर तुमच्या टाक्याचे चीज झाले असे आम्ही समजू.