श्वास ऐकावा की मोजावा?

गेल्या डिसेंबरात आम्ही मानपुरला गेलो होतो. इंदूरहून निघून महू मागे टाकले की आग्रा-मुंबई रस्त्यावर हे गाव लागते. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तिथे दिली आहे. तिच्या सात महिन्यांच्या बाळाला दोन दिवस सर्दी होती. आमची आई, म्हणजे अव्वा, धारवाडकडची. घरात कुणी खोकले की ती 'केम्मु' म्हणणार, धाप लागली की 'उब्बस'. तिने बाळाच्या पाठीला कान लावला, जरा वेळ ऐकले आणि निकाल दिला, "घरघर नाही. एदे चांगली आहे. सकाळी बघू."

भाचीचे मन मानेना. संध्याकाळीच महूला नेले. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातच राहू दिला. झबले वर केले, घड्याळ समोर धरले आणि पुरते एक मिनिट बाळाच्या छाती-पोटाकडे पाहत राहिले. 58 श्वास. न्यूमोनिया असावा, म्हणाले. कानाला नळ्या त्यानंतर लावल्या.

अव्वाचा कान अजून तिखट आहे, मग चुकले कुठे? आपण जिला घरघर म्हणतो ती लहान मुलांत बहुधा नाका-घशातल्या शेंबडाची असते. आवाज मोठा, आजार किरकोळ. न्यूमोनियाचा आवाज फार बारीक. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळून पाहा, तशी तडतड. तीही कधी ऐकू येत नाही. दम्यात श्वास सोडताना शिट्टी वाजते, पण झटका फारच वाढला की हवा आत-बाहेर होत नाही आणि शिट्टीही थांबते. त्या शांततेला डॉक्टर सर्वांत जास्त घाबरतात.

छातीला कान लावण्याची रीत जुनीच. 1816 साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक या डॉक्टरला एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी केली आणि आवाज उलट अधिक स्पष्ट आला. त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. क्षयाचे आवाज ओळखायला जगाला शिकवणारा हा माणूस 1826 साली क्षयानेच गेला.

पण जिथे स्टेथोस्कोप नाही आणि डॉक्टरही नाही, तिथे? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988 पासून गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. दाया निरक्षर, बऱ्याच जणींची मोजदाद बाराच्या पुढे जात नसे. मग एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असलेले साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया, औषध सुरू. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. ज्या बायकांना अडाणी म्हणून बाजूला सारले जाई, त्यांनी हे केले, हे मला विशेष वाटते.

हिशेब घरीही करता येतो. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40. श्वास तितके किंवा जास्त भरले तर डॉक्टरकडे जावे. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पूर्ण मिनिट मोजायचे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल पीतच नसेल, तर आकडा बघत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

बाळ आठवड्यात खेळू लागले. अव्वा परतल्यावर घड्याळ घेऊन बसते. परवा शेजारच्या दोन वर्षांच्या नातवाचे झबले वर करून तिने मोजायला घेतले, अर्थात कन्नडमध्ये. 'मूवत्तनाल्कु'वर मिनिट संपले. "चौतीस," मला सांगून तिने त्याला खाली सोडले, आणि मग सवयीने पाठीला कानही लावला.