पफ गोधडी शिवताय? कापूस भरण्याआधी हे वाचा

आमच्या पांढरकवड्यात कापसाचा हंगाम लागला की घरोघरी गाद्या-गोधड्यांची आठवण निघते. परवा शेजारच्या काकूंनी त्यांची पफ गोधडी दाखवली. पहिल्याच धुण्यात आतल्या कापसाचे गोळे झाले होते. जीव हळहळला, म्हणून हे लिहितेय.

🧵 पफ म्हणजे छोटी उशीच. वरचा चौकोन ५ इंचांचा, खालचा ४ इंचांचा. वर सुती कापड, खाली मांजरपाट किंवा जुनी सुती साडी.

🧵 चारी कोपरे जुळवा. वरचं जादा कापड प्रत्येक बाजूच्या मधोमध चुणी घालून टाचा. तीन बाजू काठालगत शिवा, भरा, मग चौथी बंद करा.

🧵 प्रत्येक पफमध्ये सारखंच भरा. मी मूठ मोजते. ठासून भरलं तर जोडताना सुई अडते.

🧵 जोडताना पाव इंच शिवण धरा. पफ साडेतीन इंचांचा होतो. ९ × १० म्हणजे ९० पफ, गोधडी साधारण ३१ × ३५ इंच.

🧵 वारंवार धुणार असाल तर पॉलिएस्टर फायबर भरा. कापूसच हवा असेल तर नीट पिंजलेला घ्या आणि धुण्याऐवजी उन्हं दाखवा.

🧵 अस्तर लावल्यावर पफ जुळतात तिथे एक टाका घेऊन गाठ मारा. अस्तर सरकत नाही.

एक कळकळीची विनंती: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना ही पांघरू नका. खेळताना जमिनीवर अंथरा, आपण जवळ बसा.

कुठे अडलं तर विचारा, नक्की सांगेन. तुमच्या गोधडीचा फोटोही टाका!