खेळाच्या लॅपटॉपचे कोठार

1956 साली आयबीएम कंपनीने फिरत्या चकत्यांवर माहिती साठविणारे यंत्र प्रथम बाजारात आणले, तेव्हा त्याच्या पन्नास चकत्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब अशा एका पट्टीवर एक लाख कोटी रोमन अक्षरे मावतात. हीच ती लॅपटॉपमधील एसएसडी. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी खेळाचा लॅपटॉप घ्यावयाचा झाला, की हिच्याच निवडीपाशी घरातील मंडळी गोंधळतात. आणि हा गोंधळ खिशाला महाग पडतो.

हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि वाचणारा दांडा जागोजाग सरकतो. त्यात काही सहस्रांश सेकंद जातात. एसएसडीत काहीच हलत नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून 1987 साली पुढे आलेल्या नँड फ्लॅश स्मृतीच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्‌भार अडकवून माहिती ठेवली जाते. आधुनिक खेळ म्हणजे हजारो लहानमोठे तुकडे. ते क्षणात उचलले जाणे, हाच एसएसडीचा खरा लाभ.

परंतु एका भ्रमाचे निरसन करणे अवश्य आहे. वेगवान एसएसडीमुळे पडद्यावरील चित्रांची संख्या वाढत नाही. ते काम ग्राफिक्स चिपचे. एसएसडी वाचविते ती खेळ सुरू होण्यापूर्वीची प्रतीक्षा. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे 550 मेगाबाइट वाचते, एनव्हीएमई जातीची तिसऱ्या पिढीची सुमारे 3,500, तर चौथ्या पिढीची सुमारे 7,000. आकडे दुप्पट झाले म्हणून प्रतीक्षा निम्मी होत नाही. कारण वाचलेली सामग्री उलगडण्याचे काम प्रोसेसरलाच करावे लागते. हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे येणे ही मोठी झेप होय. त्यापुढील पायऱ्या बहुतेक खेळांत थोड्याच सेकंदांच्या आहेत. शिवाय चौथ्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीच्या खाचेत बसविली, तर ती तिसऱ्या पिढीच्याच गतीने चालते. जादा दिलेले पैसे तेथे वाया जातात.

मग पैसा खर्चावा कोठे? प्रथम जागेवर. 2023 साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’ या एका खेळालाच 150 गिगाबाइट जागा लागते. 512 गिगाबाइटची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे 476 दिसते. त्यातून विंडोजचा वाटा वजा केला, की असे दोन-तीन खेळ कसेबसे राहतात. कोठार काठोकाठ भरले, की लिहिण्याची गतीही मंदावते. म्हणून अतिवेगवान 512 पेक्षा साधारण गतीची एक टेराबाइट बरी.

दुसरा प्रश्न मांडणीचा. पुष्कळ लॅपटॉपांत दोन खाचा असतात. एका एसएसडीवर विंडोज आणि अभ्यास, दुसरीवर खेळ, ही व्यवस्था सुटसुटीत आहे. दोन्ही एकत्र जोडून गती वाढविण्याची ‘रेड 0’ नावाची पद्धत आहे. परंतु तीत प्रत्येक माहितीचे तुकडे दोहोंवर वाटले जातात, त्यामुळे एक बिघडली की दोहोंवरील सर्वस्व जाते. खेळातील लाभ अल्प आणि जोखीम दुप्पट, असा हा व्यवहार आहे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. टीएलसी जातीच्या एका कप्प्यात तीन बिट असतात, क्यूएलसीत चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण ती लवकर झिजते आणि सलग मोठे लेखन करताना अधिक मंदावते. त्यातच उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, की तापलेली पट्टी आपला वेग आपणच कमी करते. म्हणून हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये. खरेदीपूर्वी यंत्राची माहितीपुस्तिका पाहावी: रिकामी खाच आहे काय, ती एनव्हीएमईची की साटाची, आणि पट्टीची लांबी किती. आकार सारखा दिसला तरी जोडणी निराळी असू शकते.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता बंद पडते, आणि तिच्यावरून पुसलेली माहिती परत मिळविणे बहुधा अशक्य होते. गेलेला खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. मुलाचा प्रबंध आणि आजोबांची छायाचित्रे मात्र पुन्हा मिळत नाहीत. एसएसडी कोणतीही घेतली, तरी त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असलीच पाहिजे. गतीचा सौदा पुढे केव्हाही सुधारता येईल. हा सौदा मात्र आधीच करून ठेवावा लागतो.