बटणांचा फोन आणि आपल्या नावाचा नंबर



आज गप्पा मारायच्या आहेत त्या बटणांच्या साध्या फोनबद्दल. आता घरोघरी टचचे मोठे फोन आले. तरीही गटाच्या बैठकीत पहिल्या फोनचा विषय निघाला, की प्रत्येकीला काहीतरी सांगायचं असतंच. त्या एवढ्याशा फोनने आपल्याला खूप काही दिलं. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्वतःचा नंबर. तो आपल्यापर्यंत कसा आला आणि आज तो का जपायचा, ते बघू.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो लावला होता. पण तेव्हा मिनिटाला कित्येक रुपये पडायचे, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे जायचे. मजुरीच्या पैशात हे कसं परवडणार? आपल्याला माहेरचा निरोप यायचा तो एसटीडी बूथवर, नाहीतर किराणा दुकानातल्या फोनवर. दुकानदाराने पोरगं पिटाळायचं, आपण हातातलं काम टाकून पळत जायचं, आणि चार माणसांसमोर आईशी बोलायचं. सासरचं सुखदुःख सांगायचं मनात असायचं, तोंडातून यायचं फक्त, "हो, बरी आहे मी."

२००३ साली येणारा कॉल फुकट झाला आणि चित्र पालटलं. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन बाजारात आला. धूळ आत जाऊ नये म्हणून त्याची बटणं अख्ख्या रबराने झाकलेली होती आणि डोक्यावर बॅटरीसारखा दिवा होता. जगभरात असे सुमारे २५ कोटी फोन विकले गेले. शेतात, गोठ्यात, चुलीपाशी टिकेल असा फोन आपल्याला मिळाला तो असा. आपण त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, वरून रबर लावलं आणि ब्लाऊजमध्ये ठेवला.

मग आपण मिस कॉलची भाषा तयार केली. त्यातलं गणित सोपं होतं. समोरच्याने फोन उचलला तरच पैसे कापले जातात, नुसती रिंग गेली तर काही नाही. म्हणून एक रिंग म्हणजे एसटीत बसले, दोन म्हणजे पोचले, तीन म्हणजे दूध घेऊन या, गाडी आली. दहा रुपयांचं रिचार्ज महिनाभर पुरवायची ही युक्ती कुणी शिकवली नव्हती. घरखर्चाला पुरवून वापरणाऱ्या बाईला ती आपसूक सुचली.

भारनियमनाच्या दिवसांत त्याच दिव्यावर रात्री-अपरात्री व्यालेली गाय सांभाळली, आणि परसाकडे जाताना पायाखालचं जनावर दिसलं. दिवसदिवस वीज नसली तरी फोन तीन-चार दिवस चालायचा. कारण त्याचा पडदा छोटा आणि साधा, आणि त्यात इंटरनेट नाही. मोठ्या फोनची बॅटरी जास्त खातात ते रंगीत पडदा आणि इंटरनेट.

आमच्यातल्या काही जणींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांनी नंबर बोटांनी पाठ केले. वरच्या ओळीतलं शेवटचं बटण, मग खालचं मधलं, मग पुन्हा तेच. मधल्या पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो. तो बोटाला लागला, की बाकीची बटणं अंधारातही सापडतात. असं करता करता त्यांना आकडे ओळखता यायला लागले. पुढे त्याच बायका रेशन दुकानातल्या काट्यावरचा आकडा वाचायला लागल्या आणि पासबुकात किती जमा झाले ते स्वतः बघायला लागल्या.

आणि हो, रेडिओ! नंतरच्या कितीतरी साध्या फोनमध्ये एफएम आलं. खुरपताना कानात वायर घालून आपण कार्यक्रम ऐकतो. ती वायर काढली की आवाज खरखरतो, किंवा रेडिओ सुरूच होत नाही. कारण अशा फोनमध्ये इअरफोनची वायरच एरियलचं काम करते. म्हणून आवाज नीट येत नसेल तर आधी वायर मोकळी, लांब सोडून बघा.

आता थोडं आजचं बोलू. पहिलं सिमकार्ड घेताना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कागदपत्रं धन्याची नाहीतर दिराची दिली गेली. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण आज बँकेचा संदेश, ओटीपी, अनुदान जमा झाल्याची खबर, सगळं त्या नंबरवर येतं. आमच्या गटातल्या एका काकूंच्या खात्यावर पैसे जमा झाले होते, पण खात्याला पुतण्याचा नंबर जोडलेला आणि पुतण्या कामाला परगावी. काकूंना कळलं ते दोन महिन्यांनी, पासबुक भरून घेतल्यावर. पुतण्याच्या मनात काही खोट नव्हती. पण पैसे काकूंचे, आणि खबर मात्र दुसऱ्याच्या खिशात.

म्हणून चार कामं करू.

पहिलं, सिम कुणाच्या नावावर आहे ते कंपनीच्या दुकानात जाऊन विचारायचं. दुसऱ्याच्या नावावर असेल, तर दोघांनी मिळून जायचं, आपापलं आधार कार्ड न्यायचं आणि नंबर आपल्या नावावर करून घ्यायचा.

दुसरं, बँकेत अर्ज देऊन खात्याला आपलाच नंबर जोडायचा. नंबर बरेच दिवस वापरला नाही आणि रिचार्जही केला नाही, तर तो बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. तेव्हा जोडलेला नंबर चालू ठेवायचा.

तिसरं, खात्यात किती शिल्लक आहे हे बघायला मोठा फोन लागतोच असं नाही. बँकेला जोडलेल्या नंबरवरून *९९# लावलं की इंटरनेटशिवाय शिल्लक कळते. मराठीचीही सोय आहे. साध्या फोनवरून पैसे पाठवता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये युपीआय १२३ पे ही सोयही सुरू केली. मात्र पिन आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा.

चौथं, *#०६# दाबलं की फोनचा १५ आकडी नंबर दिसतो. तो गटाच्या वहीत लिहून ठेवायचा. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार करताना आणि फोन बंद करून घेताना तो लागतो.

अडचणीच्या वेळी ११२ लक्षात ठेवा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये पाच किंवा नऊचं बटण दाबून धरलं की मदतीचा कॉल जावा, असा नियम आहे. आपल्या फोनमध्ये कोणतं बटण आहे, ते दुकानदाराला विचारून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने फोन आणि पासबुक सोबत आणा. कुणाच्या खात्याला कुणाचा नंबर आहे ते एकदा बसून बघू. जिचा नंबर जोडायचा राहिला असेल, तिच्याबरोबर बँकेत आपल्यातली एक जण जाईल.